तुम्हाला सोनं म्हणायचंय का?

मोंढ्यात दिवसभर तुरीचे भाव लिहितो,
रात्री शब्द.
उदगीर, देगलूर रोड, पत्र्याची खोली,
एक जुना संगणक,
त्याच्या पंख्यात अजून मागच्या सालचा कोंडा.

आधी श्रीलिपीत टंकले चारशे.
बारव, बिंदगी, इरजिक, येळवस.
दुसऱ्या मशीनवर उघडले तर
येळवशीच्या जागी डॉलर, कंस, उद्गारचिन्हं.
शिवलीला म्हणाली, काका, युनिकोड घ्या.
घेतलं. पुन्हा टंकले.
चारशेचे तीनशे ऐंशी भरले.
मग म्हणाली, फुकटचं सोडा, विकतचं घ्या.
विकतचं परवडेना, पुन्हा फुकटचं.
बिऱ्हाड हलवणाऱ्याला ठाऊक असतं,
दर खेपेला एक तरी पळी हरवते.

मग लोकांचे निरोप येऊ लागले.
लोकांचे म्हणजे,
पहिल्याच रात्री एकशे सत्तर:
कर्ज घ्या. टक्कल घालवा. पत्त्यांचा डाव लावा.
रशियातली कुणी मारिना
माझ्या 'पाणंद' शब्दावर फिदा होती,
तिला लग्न करायचं होतं.
बायकोला वाचून दाखवलं.
ती म्हणाली, येऊ द्या की,
खुरपायला बाई मिळंना.

चाळणी बसवली.
मोंढ्यातली चाळणी दिसते तरी,
भोकं मोजता येतात, खडा कुठं अडला कळतं.
हिच्या आत कोण बसलंय
आणि काय बघून ढकलतंय, सांगत नाही.

'बारव' टाकलं की आधी रिसॉर्ट,
मग लग्नाचा हॉल, मग त्याच रिसॉर्टचा पोहण्याचा हौद.
आपण अकराव्या पानावर.
अकराव्या पानावर कोण येतं?
शिवलीला म्हणाली, थोडं 'टॉप टेन' घाला.
लिहून पाहिलं:
मराठवाड्यातल्या टॉप टेन बिंदग्या.
पुसलं.
आडतीच्या पावतीवर खोटा भाव मांडल्यागत वाटलं.

पोळ्याच्या आदल्या रात्री केर काढायला बसलो.
तीन हजार दोनशे.
सगळे निवडा. पुसा.
बोट खाली येता येता एक ओळ दिसली,
अक्षरं इंग्रजी, बोली आपली:

काका, शेल्हाळला आमचं माळवदाचं घर होतं.
छताला भोक, त्यातनं ऊन पडायचं ताटलीएवढं.
ते चुलीपाशी आलं की आई पीठ मळायला घ्यायची,
उंबऱ्याशी गेलं की शाळा सुटायची.
त्या भोकाला ती काय म्हणायची?
तिला आता बोलता येत नाही.
मी भिवंडीत असते. प्रयाग बिरादार.

अकरा महिने.
अकरा महिने ही बाई
टक्कल आणि कर्जाच्या मधी उभी होती.

सानं, बाई. सानं म्हणत असेल ती.
लिहिलं, धाडलं.
चहा ओतेपर्यंत परत आलं:
हा पत्ता आता चालू नाही.

मग नोंद केली, तीनशे एक्क्याऐंशीवी.
सानं. माळवदाला ठेवलेलं भोक.
उजेड आत, धूर बाहेर.
पावसात वरनं मडकं पालथं घालतात.
खाली ताटलीएवढं ऊन मांडलं, चूल, उंबरा.
तिचं नाव नाही लिहिलं. विचारायचं राहिलं होतं.

मग शोधून पाहिलं.
यंत्र अदबीनं म्हणालं,
तुम्हाला सोनं म्हणायचंय का?
आणि लातूरच्या सराफांची आठ दुकानं,
आजचा भाव, घडणावळीत सूट.
नाही, म्हटलं. सानं.
पुन्हा विचारलं.
पुन्हा सांगितलं.

आता रोज रात्री बल्ब घालवायच्या आधी
एकदा तो शब्द टाकतो.
शिवलीला हसते, काका,
आपणच शोधून आपला नंबर वर येत नसतो.
नसू दे.
भिवंडीत कुणी कधी, कामावरनं आल्यावर,
आईला भरवून झाल्यावर,
भोक, छप्पर, ऊन, असलं काहीबाही टाकलं तर.

चाळणी काढून टाकली.
सकाळी हातानंच निवडतो,
चहा गार होईस्तोवर, एकेक,
मारिनासुद्धा पुरती वाचून.